पिवळ्या टोकाचा गज

१

पिन तुटली तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. रणगाड्याचा टरेट, म्हणजे तोफेसकट वरचा फिरता भाग, क्रेनच्या चार साखळ्यांवर हातभर उचलला होता. चारांपैकी एका साखळीची पिन वाकली, मग तुटली. टरेट एका अंगाला कलला आणि खाली वाकून बोल्ट बघत असलेला फिटर जागच्या जागी गेला.

त्या फिटरला अख्खं वर्कशॉप दाजी म्हणायचं. त्याचं कारण त्याच्या बायकोचा भाऊ. तो तिथेच टर्नर होता, लेथवर धातू कातायचा, आणि पहिल्या दिवसापासून त्याला दाजी म्हणायचा. मग टर्नरचं नाव आपोआप मेव्हणा पडलं. लष्करात एकदा चिकटलेलं नाव निवृत्तीपर्यंत सुटत नाही. मला सगळे वस्ताद म्हणायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी अजून म्हणतात.

दोघंही माझ्या हाताखाली शिकले होते. एकाला मी धातू घासायची कानस धरायला शिकवली, दुसऱ्याला लेथ. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात वर्कशॉपची जीप उभी राहिली तेव्हा मला वाटलं, खांदा द्यायला बोलावलंय. तसं नव्हतं.

वर्कशॉपच्या ऑफिसात तिथले प्रमुख मेजरसाहेब यांनी टेबलावर कापडात गुंडाळलेले पिनचे दोन तुकडे ठेवले. अंगठ्याहून जरा जाड पिन. डोक्यावर नंबर ठोकलेला होता, सतरा. आमच्याकडे प्रत्येक कारागिराचा स्वतःचा नंबर असतो आणि केलेल्या कामावर तो ठोकायचा असतो. सतरा नंबर मेव्हण्याचा.

"त्याला गार्डरूममध्ये ठेवलंय," मेजरसाहेब म्हणाले. "उद्या सकाळी चौकशी समिती बसेल. फोरमन म्हणतो, त्यानं हे मुद्दाम केलं. चारच दिवसांपूर्वी दोघांचं सगळ्यांसमोर भांडण झालं होतं. खरं असेल तर हा साधा अपघात राहत नाही, वस्ताद. त्याचा जन्म आत जाईल."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, पिन मी केली, चूक माझी. त्यापुढे तोंडच उघडत नाही."

मी विचारलं, मी कशाला हवा? समितीत शिकलेले साहेब असतीलच की.

"त्यांना कागद वाचता येतात," मेजरसाहेब म्हणाले. "तुम्हाला हात वाचता येतात. संध्याकाळपर्यंत मला सांगा."

बाहेर व्हरांड्यात दाजीची बायको उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. ती म्हणाली, "वस्ताद, नवरा गेला. आता भाऊ तरी राहू द्या."

२

मी चष्मा पुसला आणि ते तुकडे खिडकीपाशी नेले.

पहिली गोष्ट आंधळ्यालाही दिसली असती. पिन आधी वाकली होती. तिथं लागते ती पिन चांगल्या पोलादाची, भट्टीतून कडक करून आणलेली. ती इतक्या वजनाला अशी मेणबत्तीसारखी वाकत नाही. ही पिन मऊ होती.

मग मनात पहिला संशय येतो तो अदलाबदलीचा. मेव्हण्यानं चांगली पिन केली असेल आणि कुणीतरी तिच्या जागी मऊ पिन ठेवून वर खोटा सतरा ठोकला असेल. किंवा पिन भट्टीत गेलीच नसेल. मी डोक्याकडची बाजू निरखून पाहिली. घासून साफ न केलेल्या त्या भागावर भट्टीची निळसर काळी पापडी होती, आणि ती पापडी सतराच्या आकड्याच्या खोलगट रेघांतही होती. म्हणजे आकडा आधी ठोकला, मग पिन भट्टीत गेली. खोटा आकडा नंतर ठोकला असता तर रेघा चकचकीत निघाल्या असत्या. पिन मेव्हण्याचीच होती आणि ती भट्टीतूनही गेली होती.

मी भट्टीवर गेलो, तर भट्टीवाला घाबरून उभा होता. त्याला वाटलं, आता खापर आपल्या डोक्यावर फुटणार.

"वस्ताद, लेकरांची शपथ, लाल केली, तेलात बुडवली, परत बेतानं तापवली. सगळं रीतसर."

"नंतर कानस फिरवून बघितलीस?"

तो पायाकडे बघायला लागला. कडक झालेल्या पोलादावरून कानस नुसती सरकते, मऊ असेल तर धरते. दोन सेकंदांचं काम असतं.

"मेव्हण्याची पिन होती," तो म्हणाला. "मेव्हण्याच्या कामावर कानस फिरवायची म्हणजे त्याला शिवी दिल्यासारखं झालं असतं."

मला राग आला, पण करणार काय. साधं लोखंड भट्टीत कितीही तापवा, तेलात बुडवा, ते कडक होत नाही. त्याचा दोष एवढाच, की त्यानं बघितलं नाही. पिन चुकीच्या गजातून कापली गेली होती. गज चुकून घेतला गेला, की जाणूनबुजून, एवढंच आता शोधायचं होतं.

आणि मेव्हणा चुकून गज घेईल, यावर माझाच विश्वास बसेना.

३

फोरमन हा माणूस मला कधीच आवडला नाही. काम कमी आणि शिट्टी जास्त. पण खोटं बोलणारा नव्हता.

"शुक्रवारी दुपारी," तो म्हणाला. "मेव्हणा लेथवर होता. मधेच लेथ बंद करून तो दाजीच्या बाकाकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण दाजी ओरडला ते सगळ्यांनी ऐकलं. 'माझ्या हातावर शंका घेतोस? तुझं काम कर मुकाट्यानं.' मेव्हण्याचं तोंड पांढरं पडलं. परत जाऊन लेथ चालू केला. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. आणि तेव्हा लेथवर काय लागलं होतं, माहितेय? हीच पिन."

"मग?"

"मग काय? राग आला, सूड घेतला. सरळ आहे."

लोकांना सगळं सरळ दिसतं, तेव्हा मला धास्ती वाटते. एक प्रश्न मी फोरमनला विचारला नाही, स्वतःशीच ठेवला. ज्याला सूड घ्यायचा आहे, तो पिनवर आपला नंबर कशाला ठोकेल?

गार्डरूममध्ये मेव्हणा भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठला, वाकून पाया पडला आणि परत बसला.

"कुठला गज घेतलास?"

"पिवळा. स्टोअरच्या वहीत लिहिलंय."

आमच्याकडे पोलादाच्या गजाच्या एका टोकाला रंग असतो. कडक होणाऱ्या पोलादाला पिवळा, साध्या लोखंडाला पांढरा. तुकडा नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून कापायचा, म्हणजे उरलेल्या गजाची ओळख शेवटपर्यंत राहते. शिकाऊ कारागिराला पहिल्या आठवड्यात हे सांगतात आणि चुकला तर कानफटात बसते.

"शुक्रवारी दाजीशी काय बोललास?"

"घरगुती होतं."

"मी घरातलाच आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला रडू येत होतं, पण त्यानं ते गिळलं. "वस्ताद, तुम्ही घरी जा. पिन मी केली, चूक माझी. मला जी शिक्षा होईल ती होऊ द्या."

चाळीस वर्षं मी माणसं घडवली. चूक केलेला माणूस कारणं सांगतो. हा एकही कारण सांगत नव्हता. हा कुणाला तरी पाठीशी घालत होता.

४

दाजीच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या. दाराशी त्याचे बूट तसेच होते, पॉलिश केलेले. त्याच्या बायकोनं मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसली. शेजारणी बाजूला झाल्या.

"पोरी, दोघांचं घरात काही वाकडं होतं का?"

"घरात? मी मधे असताना?" तिनं मान हलवली. "भाऊ रविवारी इथेच जेवायचा. दोघं मिळून माझीच थट्टा करायचे. ह्या रविवारी नाही आला, तेव्हा मी ह्यांना विचारलं. तर म्हणाले, उगाच बोललो त्याला, सगळ्यांसमोर. म्हटलं, मग सांगा ना तसं. तर म्हणाले, सांगेन एक-दोन दिवसांत."

तिनं दाराशी ठेवलेल्या बुटांकडे पाहिलं.

"गेल्या महिन्यात त्यांचं डोकंच ठिकाणावर नव्हतं. मोठे साहेब पाहणीला येणार होते ना. सगळ्या फिटरांना रंगकामाला जुंपलं होतं. म्हणायचे, तीन दिवस कानस हातात धरली नाही, ब्रश धरलाय. बोटं पिवळी झाली होती, घासून घासून रंग गेला नाही. मी हसले, तर चिडले. एरवी चिडणारा माणूस नव्हता, वस्ताद."

मी हो म्हणालो. मला पुढचं काही ऐकायचं नव्हतं. 'पिवळी' हा एक शब्द माझ्या कानात अडकला होता आणि त्यावरून आलेला संशय खोटा ठरावा असं मला मनापासून वाटत होतं.

"मिळालं काही?" तिनं विचारलं.

"स्टोअर बघून येतो," मी म्हणालो. तिच्या तोंडाकडे बघायचं मी टाळलं.

५

स्टोअरवाला कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून हिंडणारा माणूस. तो माझ्या मागेमागे करत राहिला. "वस्ताद, वही बघा. पिवळा गज, टर्नरची सही. आमच्याकडून काही नाही."

"वही राहू दे. गज दाखव."

पिवळ्या खान्यात सहा गज होते. ज्यातून पिन कापली होती, तो वरच होता. एक टोक करवतीनं कापलेलं, ताजं. दुसऱ्या टोकाला छान पिवळा रंग. मी तो गज खांद्यावर घेऊन ग्राइंडरपाशी गेलो. दगडाला टेकवला.

कडक होणाऱ्या पोलादाच्या ठिणग्या आखूड असतात आणि टोकाशी फुटून फुलतात. ह्या गजाच्या ठिणग्या लांब, सरळ निघाल्या आणि न फुलताच विझल्या. साधं लोखंड. पिवळा रंग खोटं बोलत होता. वही खरी होती, टर्नर खरा होता, गजच खोटा होता.

मग मी खिशातला चाकू काढून रंग खरवडला. कारखान्यातून आलेल्या गजाचं टोक खडबडीत असतं, तोडल्यासारखं. रंगाखाली मला करवतीच्या बारीक रेघा दिसल्या. म्हणजे रंग कारखान्यातला नव्हता. कुणीतरी घाईत रंगाच्या बाजूनं तुकडा कापून नेला होता, गज बेवारशी झाला होता, आणि नंतर इथेच त्याला पिवळा रंग लावला गेला होता.

"कुणी रंगवला?"

"मला काय माहीत," स्टोअरवाला म्हणाला, पण आवाज बसला होता.

मी टोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. करवतीनं कापलेल्या कडेला धार येते, हात कापतो. ही कड मोडलेली होती. रंग लावण्याआधी कुणीतरी ती धार घालवली होती. स्टोअरवाला असलं काही करणार नाही, फोरमन तर नाहीच. लेथवाल्यानं धार मोडली असती तर कड गोल, एकसारखी आली असती. इथे बारीक बारीक सपाट पट्ट्या होत्या, सगळ्या सारख्या रुंदीच्या, आतून बाहेर ओढलेल्या. कानशीचं काम. ते मी शिकवलं होतं. धार असलेलं टोक हातावेगळं करायचं नाही, मग ते भंगारात का जाईना.

माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी त्या वर्कशॉपमध्ये आता एकच फिटर उरला होता.

मी गज खाली ठेवला. स्टोअरवाला भिंतीला टेकला आणि एकदम बोलायला लागला, जणू कितीतरी दिवस बोलायचं राहिलं होतं.

"पाहणीच्या आदल्या दिवशी, वस्ताद. मी खाने आवरले होते, सगळी टोकं पुढे करून ठेवली होती. तीन गजांना रंग नव्हता. मेजरसाहेब फेरीवर आले, म्हणाले, हे बोडके गज काय दिसतात, रंगवून टाका. दाजी रंगाला होता. तो म्हणाला, साहेब, आधी ग्राइंडरवर ठिणगी बघतो. साहेब म्हणाले, जमीन धुतलीय, ग्राइंडरला नवं कव्हर घातलंय, आता काही चालू करायचं नाही. पाहणी झाल्यावर बघा. गज पिवळ्या खान्यात होते, म्हणून त्यानं पिवळे केले."

"आणि पाहणी झाल्यावर?"

"दुसऱ्याच दिवशी त्याला बाहेरच्या कामावर पाठवलं, दहा दिवस. परत आल्यावर त्याच्या डोक्यातून गेलं असेल. माझ्याही गेलं."

"कालच का नाही सांगितलंस?"

"साहेबांचं नाव कसं घेऊ?" तो म्हणाला. "आणि दाजी तर आता राहिलाच नाही."

एवढ्यावर मेव्हणा सुटायला हरकत नव्हती. पण माझं समाधान होईना. लेथवर साधं लोखंड लागलं की हाताला कळतं. हत्यार लोण्यातून गेल्यासारखं जातं, लांबच्या लांब साल निघते. कडक पोलाद कुरकुरतं, त्याची साल आखूड, गुंडाळलेली, निळी पडलेली असते. मेव्हण्याला हे कळलं नाही, असं म्हणणं म्हणजे मी त्याला काहीच शिकवलं नाही असं म्हणण्यासारखं होतं. त्याला कळलंच असणार. मग कळून पिन पुरी का केली?

६

दाजीच्या बायकोला मी बरोबर घेतलं. हे तिच्यापासून लपवून, तिच्या माघारी कागदावर लिहायचं मला जमणार नव्हतं. वाटेत तिला गजाचं सगळं सांगितलं. ती एकदा थांबली, पदर सारखा केला आणि पुढे चालू लागली.

गार्डरूममध्ये आपल्या ताईला बघून मेव्हणा उठून उभा राहिला.

"शुक्रवारी तू लेथ बंद केलास," मी म्हणालो. "कारण साल लांब निघत होती. गज मऊ आहे, हे तुला कळलं. तू तुकडा परत करायला स्टोअरमध्ये नाही गेलास, फोरमनकडे नाही गेलास. दाजीकडे गेलास. कारण गज कापताना त्याची मोडलेली कड बघून तुला कळलं होतं, हे टोक कुणाच्या हातचं आहे. तू त्याला विचारलंस, हा गज नक्की पिवळा आहे का. तो म्हणाला, माझ्या हातावर शंका घेतोस? घरगुती भांडण नव्हतंच ते."

मेव्हण्यानं ताईकडे पाहिलं. "वस्ताद, तिच्यासमोर नको."

"माझ्यासमोरच," ती म्हणाली.

"ताई, दाजींनी मुद्दाम नाही केलं. त्यांना वाटत होतं, गज बरोबर आहे. नाहीतर स्वतः खाली वाकले असते का?" तो माझ्याकडे वळला. "वस्ताद, ते गेलेत. त्यांच्या माघारी त्यांच्या नावाला काळं कशाला? माझं नाव लिहा. मी आत बसेन. ताईला निदान एवढं तरी राहील, की तिचा नवरा कधी चुकला नाही."

त्याच्या ह्या मूर्खपणाचा मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत द्यावी असंही वाटलं.

ती भावासमोर जाऊन उभी राहिली.

"तुला कळलं होतं, गज मऊ आहे?"

"हो."

"त्यांना सांगितलंस?"

"हो."

"किती वेळा?"

त्यानं मान खाली घातली. "एकदाच."

"ते चिडले म्हणून परत नाही विचारलंस?"

"ते मोठे होते, ताई. आणि कामावर थोरल्याला दुसऱ्यांदा विचारायचं नसतं." तो माझ्याकडे न बघता बोलला. "आम्हाला तसंच शिकवलंय."

तसं मीच शिकवलं होतं. पहिल्या वर्षी त्यानं दाजीनं घेतलेलं माप परत मोजलं, म्हणून मी त्याला अख्ख्या वर्कशॉपसमोर दोन तास उभं केलं होतं. थोरल्याच्या हातावर शंका घेतोस, असं म्हणालो होतो. शब्दही तेच. दाजी तेव्हा बाजूला उभा राहून बघत होता. तो शुक्रवारी जे बोलला, ते माझ्याकडून शिकलेलं बोलला.

मग ती माझ्याकडे वळली.

"लिहा, वस्ताद," ती म्हणाली. "जसं झालं तसं लिहा. त्यांनी स्वतः लिहिलं असतं तर काही लपवलं नसतं."

मी तिथेच गार्डच्या टेबलावर बसून लिहिलं. ज्यानं रंगाच्या बाजूनं गज कापला, तो अज्ञात. स्टोअरवाल्यानं बेवारशी गज खान्यात ठेवला. मेजरसाहेबांनी ठिणगी बघू दिली नाही. दाजीनं न बघता रंगवला आणि विचारल्यावर चिडला. मेव्हण्याला कळलं, त्यानं एकदा विचारलं आणि गप्प बसला. भट्टीवाल्यानं कानस फिरवली नाही. शेवटी माझं नाव लिहिलं आणि त्या दोन तासांची गोष्ट लिहिली.

मेजरसाहेबांनी कागद उभ्यानं वाचला. स्वतःच्या नावाशी ते थांबले. मला वाटलं, ही ओळ काढा म्हणतील. त्यांनी पेन मागितलं, त्या ओळीखाली 'हे खरे आहे' असं लिहिलं आणि सही केली. मग गार्डला कुलूप काढायला सांगितलं.

मेव्हणा बाहेर आला. त्याच्या हातात त्याचा पट्टा होता, तो त्याला बांधताही येत नव्हता. ताई फाटकाशी उभी होती. तो तिच्यापासून चार पावलांवर थांबला.

"ताई, मी घरी येऊ?"

तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला भाऊ परत मिळाला होता, आणि ह्या भावानं दुसऱ्यांदा विचारलं असतं तर नवराही राहिला असता. दोन्ही गोष्टी तिच्या तोंडावर मला दिसत होत्या.

"ये," ती म्हणाली. "जेवायला वाढते. पण आज माझ्याशी बोलू नकोस."

ती पुढे चालायला लागली. तो चार पावलांचं अंतर ठेवून मागून गेला.